दोन बाजू, पण कोणत्या प्रश्नाच्या?

प्रश्न : बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी निघणाऱ्या एका छोट्या मासिकाचे संपादन मी करते. गेल्या अंकापासून आम्ही वादग्रस्त सामाजिक प्रश्नांवर एक सदर सुरू केले असून त्यात समोरासमोरच्या पानांवर एक लेख बाजूने व एक विरोधात छापतो आणि शेवटी वाचकांचा कौल मागवतो. पहिला विषय फाशीची शिक्षा हा होता. अंक पोहोचल्यावर तीन पत्रे आली. एका पालकांनी लिहिले की, मुलांच्या डोक्यात नसते प्रश्न भरवू नका. दुसऱ्या पालकांनी लिहिले की, समतोलाचा आव आणला तरी तुमचा कल लपत नाही. तिसरे पत्र तेरा वर्षांच्या मुलीचे असून त्यात एवढेच आहे : ‘दोन्ही लेख वाचले, दोन्ही पटले, मग खरे काय?’ पुढच्या अंकांसाठी समाजमाध्यमांवरील वयोमर्यादा, मतदानाचे वय आणि लसीकरण हे विषय ठरले आहेत. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की, प्रत्येक विषयाला दोन बाजू असतात आणि दोन्हींना सारखी जागा दिली की आपले काम झाले. मला ते पुरते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही. शिवाय माझे स्वतःचे मत मी वाचकांना सांगावे की सांगू नये?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण सोबत पाठवलेले दोन्ही लेख मी वाचले आणि मग त्या मुलीचे पत्र पुन्हा वाचले. तिघांमध्ये सर्वांत नेमके बोट तिनेच ठेवले आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

‘खरे काय?’ या तिच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सोडवून देण्याचे काम आपल्या लेखांनी केलेले नाही. फाशीच्या भीतीने खून कमी होतात का, हा एक प्रश्न. तो वस्तुस्थितीचा आहे आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यावे लागते. खुन्याचा का होईना, पण जीव घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असावा का, हा दुसरा प्रश्न. तो मूल्यांचा आहे आणि कितीही आकडे गोळा केले तरी त्याचे उत्तर केवळ आकड्यांतून निघणार नाही. आपल्या अंकातील फाशीच्या बाजूच्या लेखात ‘फाशीमुळे गुन्हेगारांवर जरब बसते’ असे ठाम विधान आहे आणि विरोधी लेखात ‘जरब बसत नाही हे सिद्ध झाले आहे’ असे तितकेच ठाम विधान आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली या विषयावरील तीन दशकांहून अधिक काळाच्या अभ्यासांची छाननी केली, तेव्हा तिचा निष्कर्ष असा निघाला की, फाशीमुळे खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यांपैकी काहीही म्हणण्यासाठी त्या अभ्यासांचा आधार घेता येत नाही. याचा अर्थ आपल्या दोन्ही लेखकांनी हाती नसलेली खात्री मुलांना विकली आहे. मुलीला दोन्ही लेख पटले यात तिचा भोळेपणा नाही. दोन प्रौढ माणसे एकाच वस्तुस्थितीविषयी परस्परविरुद्ध गोष्टी तितक्याच आत्मविश्वासाने सांगत असतील, तर तेरा वर्षांच्या वाचकाने दुसरे करावे तरी काय?

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, दोन लेखांच्या आधी एक चौकट द्यावी आणि तिच्यात दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या, तपासून घेतलेल्या गोष्टी असाव्यात. फाशीच्या बाबतीत, ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या मोजणीनुसार २०२३ अखेर ११२ देशांनी सर्व गुन्ह्यांसाठी ही शिक्षा कायद्यातून काढून टाकली होती, ही गोष्ट त्या चौकटीत येईल. जरबेविषयीचा पुरावा निर्णायक नाही, हेही तिथेच येईल. त्यानंतर दोन्ही लेखकांना वस्तुस्थितीवर भांडायला जागा उरत नाही आणि जे खरे भांडण आहे, म्हणजे न्याय म्हणजे काय, चूक झाल्यास ती दुरुस्त करता येणार नाही अशी शिक्षा न्यायालयाने द्यावी का, बळी गेलेल्याच्या कुटुंबाप्रती समाजाचे देणे कोणते, ते त्यांना मांडावेच लागते. ही चौकट तयार करणे दोन लेख मिळवण्यापेक्षा कठीण असते, हे अनुभवाने सांगतो. बहुतेक वेळा ती तयार करतानाच लक्षात येते की, आपण विषय निवडला होता, प्रश्न निवडलेला नव्हता.

आता आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याकडे येतो, कारण आपल्याला ते का पटत नाही याचे उत्तर लसीकरणाच्या अंकात दडलेले आहे. लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते का, या प्रश्नावर दोन पाने समोरासमोर छापली तर ती पाने, आत काहीही लिहिलेले असो, केवळ आपल्या मांडणीने वाचकाला सांगतील की, जाणकारांमध्ये यावर निम्मे-निम्मे मतभेद आहेत. तसे मतभेद नाहीत. ज्या शोधनिबंधाने ही भीती पसरवली तो १९९८ साली अवघ्या बारा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला होता आणि ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली तो मागे घेतला. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील पाहणीत साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासूनही गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढल्याचे दिसले नाही. इथे सारखी जागा देणे म्हणजे वाचकाला चुकीची माहिती देणे होय, आणि ती अधिक घातक अशासाठी की ती न्यायबुद्धीचा वेश घालून येते. हा वेश ज्यांना उपयोगी पडतो त्यांना तो फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेतील एका सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात ‘शंका हेच आमचे उत्पादन’ अशा अर्थाचे वाक्य सरळ लिहिलेले आहे. धूम्रपान निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची त्यांना गरजच नव्हती. ‘यावर दोन मते आहेत’ एवढे लोकांच्या मनात राहिले की त्यांचे काम भागत होते.

मग लसीकरण हा विषयच सोडून द्यावा का? मुळीच नाही. ‘सरकारने लस सक्तीची करावी का, आणि जे नकार देतील त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश नाकारावा का’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने खुला आहे. आपल्या शरीराविषयी आणि आपल्या मुलांविषयी निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य एका बाजूला आणि ज्यांना वैद्यकीय कारणाने लस घेताच येत नाही अशांचे संरक्षण दुसऱ्या बाजूला, असे हे वजन आहे. विचारी लोकशाही देशांनीही त्याची उत्तरे निरनिराळी दिली आहेत. विषय तोच राहिला, फक्त प्रश्नाची रेघ योग्य जागी ओढली गेली. अंक आखताना आपला निम्मा वेळ या रेघेवर गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

मिटलेल्या प्रश्नांची दुसरी एक जात आहे. अमुक एका समूहातील माणसे इतरांइतकीच माणसे आहेत का, हा प्रश्न ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ अशा मथळ्यांखाली छापण्याचा नाही, कारण आपल्या वाचकांत त्या समूहातील मूलही असणार आणि स्वतःच्या माणूसपणाचा कौल इतर वाचकांकडून मागवला जात असल्याचे त्याला पाहावे लागणार. त्या समूहासाठी कोणते धोरण योग्य, कोणता उपाय न्याय्य आणि कोणता निरुपयोगी, यावर मात्र वाद होऊ शकतो आणि व्हावाही. अर्थात मिटलेले आणि न मिटलेले यांच्यामधली सीमा दगडात कोरलेली नसते. स्त्रियांना मताचा अधिकार असावा का, यावर न्यूझीलंडमध्ये १८९३ साली पडदा पडला, तर स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर तो १९७१ पर्यंत पडला नव्हता, आणि मधल्या काळात सभ्य, सुशिक्षित माणसे ‘दोन्ही बाजू’ गांभीर्याने मांडत होती. म्हणून प्रत्येक विषयाच्या वेळी आपण तो खुला का मानतो याचे कारण चार ओळींत लिहून ठेवावे. ते छापले नाही तरी चालेल, पण सहकाऱ्यांशी मतभेद झाल्यास तीच चार ओळींची चिठ्ठी उपयोगी पडेल.

कल लपत नाही, असे लिहिणाऱ्या पालकांचे पत्र आपल्याला लागले असावे, असे आपल्या मजकुरावरून वाटते. मला ते पत्र योग्य वाटले, आणि त्याचे कारण माझी स्वतःची एक फजिती आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी किशोरांसाठीच्या एका प्रकाशनात मतदानाचे वय सोळावर आणावे का, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी एकट्यानेच लिहिल्या होत्या. शब्दसंख्या मोजून सारखी ठेवली होती, मुद्देही दोन्हीकडे पाच-पाच होते, आणि आपण अगदी तराजूने तोलले याचा मला अभिमान होता. अंक निघाल्यावर एका वाचकाने विचारले, ‘एका लेखातल्या मुलीला नाव आहे, ती नोकरी करते, कर भरते आणि तरी तिला मत नाही. दुसऱ्या लेखात नुसते काही लोकांचे म्हणणे आहे. त्या लोकांना नावे का नाहीत?’ त्या मुलाला माझे मत कोणी सांगितले नव्हते. ते त्याने व्याकरणातून ओळखले होते.

तेव्हापासून मी समतोल शब्दसंख्येत मोजणे सोडून दिले. आपले दोन लेख या नजरेने वाचावेत. विरोधी लेखातील तज्ज्ञ ‘दाखवून देतात’ आणि बाजूच्या लेखातील तज्ज्ञ ‘दावा करतात’. विरोधी लेखात निर्दोष सुटलेल्या कैद्याची हकीकत आहे, बाजूच्या लेखात बळी गेलेल्याच्या घरचे कोणीही नाही, केवळ आकडे आहेत. एका लेखाचा शेवट प्रश्नचिन्हाने होतो, दुसऱ्याचा पूर्णविरामाने. क्रमही पाहावा : शेवटचा शब्द ज्याचा, तो लेख वाचकाच्या मनात रेंगाळतो. आणि सर्वांत सूक्ष्म गोष्ट म्हणजे नावे. एक पक्ष ज्याला ‘न्याय’ म्हणतो त्याला दुसरा ‘न्यायालयीन हत्या’ म्हणतो. संपादकीय चौकटीत यांपैकी एकही शब्द आला तर चौकट एका बाजूची झाली. तिथे ‘मृत्युदंड’ असा कोरडा शब्दच बरा. लेखांच्या आत मात्र ज्याने त्याने आपले शब्द वापरावेत, कारण ते शब्दही त्या भूमिकेचाच भाग असतात.

आपल्याकडच्या दार्शनिक परंपरेत आपले मत मांडण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडावा लागे, आणि तो दुबळा करून मांडला तर त्याचे खंडनही दुबळेच ठरे. ज्याची बाजू मांडली आहे त्याने ती वाचून ‘होय, मला हेच म्हणायचे होते, आणि मी यापेक्षा चांगले म्हटले नसते’ असे कबूल करावे, ही कसोटी मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली याच्याही पुढचे पाऊल सुचवले होते : विरोधी युक्तिवाद आपल्या शिक्षकांच्या तोंडून ऐकणे पुरेसे नाही, जे त्यावर मनापासून विश्वास ठेवतात त्यांच्याच तोंडून तो ऐकला पाहिजे. आपल्यापुरता याचा अर्थ सरळ आहे. दोन्ही लेख एकाच हाताने लिहून घेऊ नयेत. ज्याचे जे मत असेल त्याच्याकडून ते लिहून घ्यावे आणि छापण्यापूर्वी त्याच मताच्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्यावे.

बाजू दोनच असतात, हे गृहीतही एकदा तपासून पाहावे. समाजमाध्यमांवरील वयोमर्यादेचा विषय घेताना आपल्याला ते जाणवेल. सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही, असा कायदा ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केला आणि तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात दंड मुलांना किंवा पालकांना नसून कंपन्यांना आहे, तो ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याला विरोध करणाऱ्यांत, वय पडताळण्यासाठी सगळ्यांचीच खासगी माहिती गोळा होईल म्हणून घाबरणारे आहेत, हा निर्णय सरकारने न घेता पालकांनी घ्यावा असे मानणारे आहेत, आणि एकाकी पडलेल्या मुलांना तिथेच सोबत मिळते असे सांगणारेही आहेत. या तिघांचे आपसांत फारसे पटणार नाही. त्यांना ‘विरोधात’ या एका मथळ्याखाली कोंबले तर मुले शिकतात ते एवढेच की जग दोन संघांत विभागलेले आहे. अशा विषयाला तीन-चार छोटी टिपणे द्यावीत, दोन पानांचा साचा मोडला तरी मोडू द्यावा. आणि या विषयावर मुलांनीच लिहू नये असे कोणते कारण आहे? स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज यांनुसार वजन मिळण्याचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बाराव्या कलमाने मान्य केलेला आहे. मतदानाच्या वयाबाबतही तेच म्हणेन. ब्राझीलने १९८८ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्यांना ऐच्छिक मताधिकार दिला, ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचे वय सोळावर आणले. तेव्हा आपल्या पंधरा वर्षांच्या वाचकासाठी हा काल्पनिक प्रश्न राहिलेला नाही.

कौल मागवण्याची प्रथा मात्र बंद करावी, असा माझा आग्रह आहे. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्राने, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे फक्त पाडायचे ती वितंडा. ‘कोण जिंकले?’ असे विचारले की वादाचा त्याच क्षणी जल्प होतो, आणि बारा वर्षांचा वाचक पहिली ओळ वाचतानाच आपला संघ निवडून मोकळा होतो. यात वयाचा दोष नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मृत्युदंडाचे समर्थक आणि विरोधक असे ४८ विद्यार्थी घेऊन त्यांना एक अनुकूल व एक प्रतिकूल अशी दोन संशोधने वाचायला दिली होती. दोन्ही बाजू वाचून ते जवळ यायला हवे होते, पण प्रत्येकाला आपल्या बाजूचे संशोधन भक्कम आणि दुसरे सदोष वाटले आणि शेवटी दोन्ही गट आपापल्या मताला अधिकच चिकटले. दोन पाने समोरासमोर ठेवली की मने आपोआप मोकळी होतात, या समजुतीवर आपले सदर उभे असेल तर तो पाया कच्चा आहे.

कौलाच्या जागी काय ठेवावे? अमेरिकेतील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या शिक्षणतज्ज्ञ बंधूंनी वर्गासाठी एक पद्धत बसवली आहे. तिच्यात विद्यार्थी आधी नेमून दिलेली बाजू मांडतात, मग बाजूंची अदलाबदल करून विरुद्ध बाजू तितक्याच जोमाने मांडतात, आणि अखेर दोन्ही बाजू सोडून सर्वांना मान्य होईल असे निवेदन मिळून तयार करतात. मासिकात वर्ग भरवता येत नाही, पण अदलाबदल करता येते. ‘जी बाजू तुम्हाला पटली नाही तिचा सर्वांत चांगला मुद्दा पाच ओळींत लिहून पाठवा’ असे आवाहन छापावे आणि पुढच्या अंकात त्यांतील उत्तम पत्रे द्यावीत. कौलापेक्षा उत्तरे कमी येतील, हे आधीच मान्य करून ठेवावे.

आपल्या मताविषयी विचारले आहे. जर्मनीतील बॉयटेल्सबाख येथे १९७६ साली राजकीय शिक्षणासाठी जी तत्त्वे मान्य झाली त्यांतील पहिले असे आहे की, शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला आपल्या मताच्या भाराखाली दडपून त्याचा स्वतंत्र निर्णय हिरावून घेऊ नये. आणि दुसरे असे की, अभ्यासात व राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडले जावे. दुसऱ्या तत्त्वात आपल्या सहकाऱ्यांच्या मताचे उत्तरही आलेच : तिकडे जे वादग्रस्त नाही ते इकडे वादग्रस्त करून दाखवण्याची मुभा हे तत्त्व देत नाही. मत सांगण्यापुरते बोलायचे तर त्या अंकात ते सांगू नये. वाचकांची पत्रे येऊन गेल्यावर कोणी विचारले तर पुढच्या अंकात कारणांसह, आणि आपल्याला कोणत्या मुद्द्याचे उत्तर देता आलेले नाही त्याच्या कबुलीसह, सांगायला हरकत नाही. ‘मला मतच नाही’ असे मात्र लिहू नये. ते खरे नसते आणि सोळा वर्षांच्या वाचकाला ते लगेच कळते.

पहिल्या पालकांविषयी थोडेच लिहितो. ‘नसते प्रश्न’ हा त्यांचा आक्षेप मला मान्य नाही, कारण हे प्रश्न मुलांच्या कानावर रोज पडत असतात. पण त्यांच्या पत्रामागे एक चिंता असू शकते आणि ती खरी आहे : कोणाच्या घरी खून झालेला असेल, कोणाचे वडील तुरुंगात असतील. म्हणून पुढच्या अंकाचा विषय आधीच्या अंकात जाहीर करावा, एखादी घटना ताजी असताना तोच विषय घेऊ नये, आणि बारा वर्षांच्या वाचकाला शिक्षेच्या पद्धतींचे तपशील देऊ नयेत.

दुसऱ्या पालकांना आपला अंक परत पाठवून, जिथे जिथे कल दिसला त्या वाक्यांखाली रेघा मारून द्याव्यात, अशी विनंती करावी. त्यांनी ते केले तर मतदानाच्या वयावरील लेखांची कच्ची प्रत छापण्याआधी त्यांच्याकडेच पाठवावी.